मोटरसायकल मेळाव्यात तीन रात्रींचा मुक्काम : गाडी सुरक्षित कशी ठेवावी?

पहिलागिअर :

नमस्कार. पुढच्या महिन्यात मी प्रथमच एका मोठ्या मोटरसायकल मेळाव्याला जाणार आहे. मुक्काम तीन रात्रींचा असून राहण्याची सोय मैदानावरील तंबूत आहे, आणि गाडी तंबूपासून पन्नास-साठ पावलांवर, गवताळ जागेत, इतर शेकडो गाड्यांच्या रांगेत उभी करायची आहे. आम्ही चौघे मित्र निघणार आहोत; परंतु चौघांपैकी एकानेही असा मेळावा पूर्वी पाहिलेला नाही, त्यामुळे एकमेकांना विचारून आमच्या ज्ञानात काडीचीही भर पडत नाही.

माझी गाडी मध्यम आकाराची, साधारण १८० किलो वजनाची आहे. किल्लीत चिप असलेला इमोबिलायझर तिला कंपनीकडूनच आलेला आहे, म्हणजे दुसऱ्या किल्लीने इंजिन सुरू होत नाही. हँडल लॉक आहे आणि मी एक डिस्क लॉकही, म्हणजे ब्रेकच्या चकतीला लावायचे कुलूप, विकत घेतले आहे. एवढ्यावर भागेल अशी माझी समजूत होती, पण परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा मेकॅनिक हसून म्हणाला, "चोर गाडी चालवत नेतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?" तेव्हापासून माझा उत्साह थोडा ओसरला आहे.

जाड साखळी शेकडो किलोमीटर वाहून नेण्यात अर्थ आहे का, आणि मोकळ्या मैदानात खांबच नसेल तर ती बांधायची कशाला? जीपीएस ट्रॅकर बसवून घ्यावा, की सीटखाली ब्लूटूथ टॅग ठेवला तरी पुरेल? रात्री गाडीवर कव्हर घालावे का? आणि आम्ही चौघे असल्याचा चोरीच्या दृष्टीने काही उपयोग करून घेता येईल का? दिवसभर गाडीपाशी बसून राहणे मला शक्य नाही, तशी इच्छाही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

लांबपल्ला :

तुमचा मेकॅनिक योग्य तेच बोलला. इमोबिलायझर इंजिन सुरू होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. गाडी उचलून टेम्पोत घालणाऱ्याला इंजिन सुरू करायचेच नसते. १८० किलोची गाडी दोन दणकट माणसे उचलू शकतात, आणि चौघे असले तर गाडीखालून दोन लोखंडी नळ्या घालून तिला पालखीसारखी घेऊन जातात. हँडल लॉकची आतली पिन करंगळीएवढीही जाड नसते. हँडलला पायाने जोराचा रेटा दिला की अनेक गाड्यांमध्ये ती वाकते किंवा मोडते. डिस्क लॉक चाक फिरू देत नाही हे खरे, पण ते गाडीला कशालाही बांधून ठेवत नाही. पुढच्या डिस्कला लॉक असेल तर पुढचे चाक छोट्या चाकांच्या फळीवर चढवायचे आणि गाडी मागच्या चाकावर ढकलत न्यायची, इतकी ती साधी गोष्ट आहे.

याचा अर्थ ही साधने निरुपयोगी आहेत असा कृपया घेऊ नये. इमोबिलायझरमुळे किल्लीच्या जागी स्क्रू ड्रायव्हर खुपसून गाडी पळवणारा भुरटा अडतो, आणि ढकलत नेऊ पाहणाऱ्याला डिस्क लॉक अडवते. उचलून नेणाऱ्याला मात्र एकच गोष्ट अडवते : गाडी दुसऱ्या एखाद्या जड वस्तूला बांधलेली असणे. म्हणून साखळी वाहून नेण्यात अर्थ आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर "होय" असे आहे, आणि ओझ्याची तक्रार मी पहिल्या मेळाव्यानंतर सोडून दिली.

साखळी कोणती, हे मात्र नीट पाहून घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी साखळी दिसायला जाड असली तरी तिचे लोखंड मऊ असते आणि लांब दांड्यांच्या कटरने ती क्षणात तुटते. कडक केलेल्या पोलादाची, चौकोनी किंवा षटकोनी छेदाच्या कड्यांची साखळी घ्यावी. कडीची जाडी १२-१३ मिलिमीटरपर्यंत असेल तर मोठा कटर आणि दोन माणसे तिचा निकाल लावू शकतात. १६ मिलिमीटरच्या चांगल्या साखळीपुढे हाताने चालवायचा कटर हात टेकतो. तिचे वजन मीटरला साधारण पाच किलो भरते, आणि दीड मीटरपेक्षा कमी लांबीत दोन गाड्या जोडता येत नाहीत, हा हिशेब आधी करून ठेवावा. साखळीइतकेच कुलूपही तोलामोलाचे हवे, कारण चोर नेहमी दोघांपैकी कच्चा दुवा पाहतो. ब्रिटनमधील सोल्ड सिक्युअर आणि नेदरलँड्समधील आर्ट या संस्था कुलपे प्रत्यक्ष तोडून त्यांना श्रेणी देतात. पहिलीची श्रेणी ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशी असते आणि दुसरीची ताऱ्यांमध्ये. वेष्टनावर यांपैकी काही छापलेले असेल तर विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्यावर विश्वास ठेवावा.

बॅटरीवर चालणारा ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने धातू कापणारे यंत्र, १६ मिलिमीटरची कडीही एक-दोन मिनिटांत कापतो, हे लपवण्यात अर्थ नाही. अलीकडे ग्राइंडरची चकतीच झिजवून टाकणारा लेप दिलेली कुलपे मिळतात. ती महाग आहेत, आणि बहुतेक यू-आकाराची असल्यामुळे दोन गाड्या जोडायला फारशी सोयीची नाहीत. पण ग्राइंडर कर्कश आवाज करतो आणि ठिणग्या उडवतो. झोपलेल्या माणसांच्या तंबूंमध्ये मध्यरात्री तो चालवायला फार मोठे धाडस लागते.

बांधण्याची पद्धत साखळीइतकीच महत्त्वाची आहे. साखळी चाकातून नव्हे, तर गाडीच्या चौकटीतून (फ्रेममधून) किंवा मागचे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, आतून ओवावी. कारण चाक पान्याने सुटते आणि मग तुमच्याकडे एक चाक उरते. साखळी जमिनीवर पडू देऊ नये. जमिनीवर टेकलेली कडी म्हणजे ऐरणीवर ठेवलेली कडी : वरून हातोडा घालता येतो, किंवा कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून दुसऱ्यावर अंगाचा सगळा भार टाकता येतो. हवेत लोंबणाऱ्या कडीवर तेवढे बळ लावता येत नाही.

मैदानात खांब नसतो, म्हणून तुमच्या चार गाड्या हाच तुमचा खांब. दोन-दोन गाड्या शेजारी, पण एकीचे तोंड इकडे आणि दुसरीचे तिकडे, अशा उभ्या कराव्यात आणि एकीची चौकट दुसरीच्या स्विंगआर्मला जोडावी. विरुद्ध तोंडाच्या दोन गाड्या एकत्र ढकलताही येत नाहीत आणि उचलायच्या झाल्या तर साडेतीनशे-चारशे किलोचे अवघड धूड होते. गवतात साइड स्टँड खचतो आणि एक गाडी पडली की दुसरीला घेऊन पडते, हे ध्यानात ठेवून स्टँडखाली तळहाताएवढी पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची चकती ठेवावी. जमिनीत पिळून रोवायचे स्क्रूसारखे खुंट बाजारात मिळतात. पावसाने भिजलेल्या मातीतून ते दोन हातांनी उपसून निघतात, तेव्हा त्यांच्या नादी लागू नये.

एकेकाळचास्वार :

वर साखळीविषयी जे लिहिले आहे त्यात मला काहीही दुरुस्त करायचे नाही. मला फक्त वेळेविषयी सांगायचे आहे, कारण माझी गाडी मेळाव्यातून चोरीला गेली नाही. ती मेळाव्याहून परतताना गेली.

तीनही रात्री मी लांबपल्ला यांनी सांगितले तशीच गाडी मित्राच्या गाडीला जोडून ठेवली होती. चौथ्या दिवशी परतीचा रस्ता लांब होता, दुपारनंतर पावसाने झोडपले, आणि अंधार पडल्यावर आम्ही रस्त्याकडेच्या एका लॉजवर उतरलो. गाड्या मागच्या आवारात लावायच्या होत्या. आवाराला फाटक होते, दिवाही होता. साखळी पिशवीच्या तळाशी होती आणि तिच्यावर ओले कपडे कोंबलेले होते. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे," असे म्हणून मी हँडल लॉक लावले आणि वर जाऊन झोपलो. सकाळी त्या जागी फक्त एक गोष्ट होती : साइड स्टँडखाली ठेवण्यासाठी मी डब्याचे झाकण ठोकून चपटे केले होते, ते चिखलात तसेच पडलेले होते आणि त्यावर स्टँडचा गोल ठसा स्पष्ट दिसत होता. मित्राची गाडी, जी वजनाने माझ्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट होती, जागच्या जागी उभी होती.

नंतर विचार केला तेव्हा कळले की मेळाव्याच्या दिवसांत आसपासच्या प्रत्येक लॉजच्या आवारात चांगल्या गाड्या उभ्या असणार, त्यांचे मालक थकून गाढ झोपलेले असणार आणि बाहेरगावचे असल्यामुळे पहाटेपर्यंत खाली येणार नाहीत, हे कोणालाही आधीच ठाऊक असते. मैदानात निदान शेजारी जागा असतो. लॉजच्या मागे कोणीही नसते. तुमच्या प्रश्नात तीन रात्रींचा उल्लेख आहे, पण जाता-येताना वाटेत जिथे मुक्काम कराल त्या रात्रीही त्यांत धराव्यात. साखळी पिशवीत सर्वांत वर ठेवावी, कारण दमलेला माणूस तळाशी हात घालत नाही.

पुढची फरफट अधिक मनस्तापाची होती. गाडीची कागदपत्रे गाडीच्याच बाजूच्या पेटीत होती, ती गाडीबरोबर गेली. पोलिसांनी चासी नंबर विचारला तेव्हा मला तो सांगता आला नाही. विमा कंपनीने दोन्ही किल्ल्या मागितल्या. दुसरी किल्ली मी "अडचणीच्या वेळी हाताशी असावी" म्हणून सीटखाली टेपने चिकटवून ठेवली होती. स्वतःची किल्ली स्वतःच गाडीत ठेवलेल्या माणसाकडे विमा कंपनी कोणत्या नजरेने पाहते, हे मी येथे लिहीत नाही. दाव्याची पूर्ण रक्कम मिळाली नाही एवढेच सांगतो.

तेव्हा निघण्यापूर्वी हे जरूर करावे : हँडलखालच्या मानेवर चौकटीत कोरलेल्या चासी नंबरचा आणि इंजिनच्या कवचावरील इंजिन नंबरचा स्पष्ट फोटो काढावा, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत, ओरखडे आणि बदललेले भाग जवळून टिपावेत, आणि हे सर्व घरच्या एका माणसाकडेही पाठवून ठेवावे. चासी नंबर सामान्यतः १७ चिन्हांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरतच नाहीत, म्हणून उतरवून घेताना गोल दिसले की ते शून्य समजावे. दुसरी किल्ली घरी राहू द्यावी.

मैदानसेवक :

मी काही वर्षे अशा मेळाव्यांमध्ये पार्किंगच्या व्यवस्थेत स्वयंसेवक म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे मला ही गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते.

मेळाव्यात गाडीला सर्वांत मोठे संरक्षण माणसांचे असते, असे सर्वांना वाटते. अर्धी गोष्ट खरी आहे. गर्दीत ग्राइंडर चालवता येत नाही. पण गर्दीत गाडी उचलता येते, कारण गाड्या उचलणे, ढकलणे, टेम्पोत चढवणे हे तिथे दिवसभर चाललेलेच असते. अमेरिकेतील स्टर्जिस या छोट्याशा गावात १९३८ पासून मेळावा भरतो आणि २०१५ साली, ७५ व्या मेळाव्याला, तिथे सात लाखांहून अधिक लोक आले होते. आपला मेळावा त्याच्या शंभराव्या हिश्शाचा असला तरी कोणती गाडी कोणाची, हे फाटकावर उभ्या असलेल्या माणसाला कळण्याचा काही मार्ग नसतो. एका मेळाव्याच्या शेवटच्या सकाळी, अंगावर चमकदार जॅकेट घातलेला एक माणूस मला म्हणाला, "जरा मागून हात लावता का, क्लच प्लेट गेली आहे." मी आणि आणखी दोघांनी मिळून त्याची गाडी फळीवरून टेम्पोत चढवली, त्याने आमचे आभार मानले आणि तो निघून गेला. ती गाडी त्याचीच असावी असे मी आजवर धरून चाललो आहे. आम्ही तिघांपैकी कोणीही त्याला किल्ली दाखवायला सांगितले नव्हते, आणि गाडी हँडल लॉकसकट चढली होती, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले.

शेवटची रात्र आणि शेवटची सकाळ यांना म्हणूनच जपावे. लोक दमलेले असतात, सामान आवरण्याच्या घाईत साखळ्या आधीच पिशव्यांत गेलेल्या असतात, ट्रेलर आणि टेम्पोंची ये-जा सतत चालू असते, आणि आमचे स्वयंसेवकही तोवर पेंगुळलेले असतात. साखळी ही निघताना सोडायची अगदी शेवटची वस्तू असावी : आधी तंबू गुंडाळावा, सामान गाडीवर चढवावे, हेल्मेट हातात घ्यावे आणि मग साखळी सोडावी.

जागा निवडताना रांगेचे टोक आणि वाहनांच्या रस्त्याची कड टाळावी. टेम्पो जिथवर येऊ शकतो तिथून तुमच्या गाडीपर्यंत जितक्या गाड्या मध्ये असतील तितके चांगले. त्यासाठी लवकर पोहोचावे लागते. उशिरा येणाऱ्याला कडेचीच जागा मिळते, आणि त्यावर आमच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. पोहोचल्यावर दोन्ही बाजूंच्या गाडीवाल्यांशी ओळख करून घ्यावी आणि "आमच्या चौघांशिवाय या गाडीला कोणी हात लावला तर हटकावे" असे स्पष्ट सांगावे. नुसती ओळख पुरत नाही. हटकण्याची परवानगी द्यावी लागते, कारण भिडस्त माणूस परवानगीशिवाय तोंड उघडत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. तंबूला कुलूप नसते. जॅकेट तंबूत टाकून लोक कार्यक्रम पाहायला जातात आणि जॅकेटच्या खिशात किल्ली असते. माझ्यासमोर आलेल्या तक्रारींपैकी हेल्मेट, हातमोजे आणि किल्ल्या यांच्या तक्रारी गाड्यांच्या तक्रारींपेक्षा कितीतरी अधिक होत्या, आणि किल्ली गेली की गाडीचा इमोबिलायझर चोराच्याच सेवेला लागतो. किल्ली दोरीने गळ्यात असावी आणि झोपतानाही ती काढू नये. हेल्मेट पट्ट्याने गाडीला अडकवून जाऊ नये. पट्टा साध्या चाकूने कापला जातो. तो कापलेला पट्टा तेवढा गाडीला लटकताना मी पाहिला आहे.

तारजोडणी :

ट्रॅकरविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. वाहनांचे वायरिंग हा माझा रोजचा उद्योग आहे.

जीपीएस ट्रॅकर दोन वेगळी कामे करतो आणि ती वेगळी आहेत हे समजून घेतले तर अपेक्षाभंग होत नाही. उपग्रहांचे संकेत ऐकून तो स्वतःची जागा ठरवतो. ती जागा तुमच्या फोनपर्यंत पोहोचवण्यासाठी मात्र त्याला आतल्या सिमवरून मोबाइल नेटवर्क लागते. मेळाव्यात हजारो लोक एकाच टॉवरवर व्हिडिओ पाठवत असतात, त्यामुळे "गाडी हलली" हा संदेश तुमच्यापर्यंत दहा मिनिटांनी पोहोचला तर ट्रॅकर बिघडला असे समजू नये. बंद पत्र्याच्या टेम्पोत गाडी शिरली की दोन्ही संकेत क्षीण होतात, आणि संकेत बुजवणारी यंत्रे वापरणारे चोरही असतात. तरीही मी ट्रॅकर बसवावा असेच सांगेन. त्याची स्वतःची छोटी बॅटरी असावी, म्हणजे गाडीची तार कापली तरी तो काही तास बोलत राहतो. आणि तो सीटखाली नसावा, कारण चोर प्रथम तिथेच पाहतो. प्लास्टिकच्या भागाआड, धातूने न झाकलेल्या जागी तो बसवून घ्यावा.

ब्लूटूथ टॅगची गोष्ट निराळी आहे. ॲपलचा एअरटॅग २०२१ साली आला तो हरवलेल्या वस्तू शोधण्यासाठी. त्याला स्वतःला जागा कळत नाही. जवळून जाणारे इतरांचे फोन त्याचा संकेत ऐकतात आणि स्वतःची जागा कळवतात. गर्दीच्या मैदानात तो उत्तम चालतो, आडबाजूच्या गोदामात जवळ फोनच नसेल तर गप्प बसतो. शिवाय कोणाच्या नकळत त्याचा माग काढला जाऊ नये म्हणून अनोळखी टॅग बरोबर फिरत असल्याची सूचना फोन देतात, आणि २०२४ पासून ही सोय आयफोन व अँड्रॉइड दोन्हींवर एकमेकांच्या टॅगसाठीही आली आहे. म्हणजे चोरालाच सूचना जाते. स्वस्त आहे म्हणून जरूर ठेवावा, पण त्यावरच विसंबू नये.

चोरलेली गाडी पुष्कळदा थेट ठिकाणावर नेत नाहीत. एखाद्या गल्लीत किंवा इमारतीखाली एक-दोन दिवस उभी करून ठेवतात आणि शोधत कोणी येते का ते दुरून पाहतात. ट्रॅकरची खरी किंमत त्या एक-दोन दिवसांत वसूल होते. नकाशावर ठिपका दिसला की स्वतः धावत जाऊ नये. तो पोलिसांना दाखवावा आणि त्यांच्याबरोबर जावे. गाडीपाशी उभा असलेला माणूस एकटा आहे की नाही, हे नकाशा सांगत नाही.

अलार्मविषयी माझे मत फारसे चांगले नाही. मोठ्या सायलेन्सरची गाडी शेजारून गेली की संवेदनशील अलार्म वाजतो, शेजाऱ्याने आपली गाडी काढताना धक्का लागला तरी वाजतो, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे मैदान अलार्मकडे दुर्लक्ष करायला शिकलेले असते. घरासमोर त्याचा उपयोग आहे. मेळाव्यात त्याची संवेदनशीलता कमी करून ठेवावी, निदान शेजारी तुमच्यावर चिडणार तरी नाहीत. बॅटरीचीही काळजी करणारे असतात : अलार्म आणि ट्रॅकर मिळून सतत २० मिलिअँपिअर घेत असतील तर दिवसाला साधारण अर्धा अँपिअर-तास जातो. आठ अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी तीन दिवस हे सहज सोसते. चार वर्षांची थकलेली बॅटरी चौथ्या सकाळी स्टार्टरला नकार देऊ शकते.

फुकटातला एक उपाय सांगून थांबतो. दीर्घकाळ गाडी सोडून जाताना इंधन पंपाचा किंवा स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात टाकावा. किल्ली चोरीला गेली तरी गाडी सुरू होत नाही, आणि अंधारात फ्यूज शोधत बसण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. कोणता फ्यूज कुठला, हे घरीच पाहून ठेवावे.

धूळधाण :

कव्हरचा प्रश्न सर्वांनी टाळला आहे. माझ्या मते घालावे, पण साधे, राखाडी, कंपनीचे नाव नसलेले. कव्हर फाडायला चाकू पुरतो. तरीही आत कोणती गाडी आहे आणि तिला काय काय बांधलेले आहे, हे कळण्यासाठी चोराला ते उचलावे लागते, आणि उचलणारा माणूस शेजाऱ्यांच्या नजरेत भरतो.

डिस्क लॉकच्या बाबतीत एक प्रेमाचा सल्ला : लॉक काढायचे विसरू नये म्हणून लॉकपासून हँडलपर्यंत येणारी रंगीत स्प्रिंगची दोरी जरूर लावावी. एका मेळाव्याच्या समारोपाच्या फेरीत मी ऐटीत क्लच सोडला आणि सुमारे तीनशे लोकांच्या साक्षीने जागच्या जागी आडवा झालो. ब्रेकचा कॅलिपर खरवडला, मडगार्ड तुटले, आणि माझे या मंडळावरचे नाव तिथूनच पडले आहे.

मैदानसेवक :

कव्हरबाबत मी असहमत आहे, निदान रात्रीपुरता. कव्हराखाली वाकून कुलपाशी खटपट करणारा माणूस बाहेरून दिसत नाही, आणि दिसला तरी तो आपलीच गाडी झाकतो आहे असे वाटते. रात्री फेरी मारताना उघडी साखळी मला विजेरीच्या झोतात लांबून दिसते. कव्हर घातलेल्या गाडीपाशी ती आहे की नाही हे मी वाकून पाहत नाही. दिवसा, ऊन-पावसासाठी कव्हर घातले तर माझी हरकत नाही.

पहिलागिअर :

सर्वांचे मनापासून आभार. कालच चौघे भेटलो आणि हे सर्व वाचून काढले. चौघांमध्ये दोन साखळ्या घ्यायचे ठरले आहे, १६ मिलिमीटरच्या, प्रत्येकी पावणेदोन मीटर. गाड्यांच्या जोड्या लावताना माझी हलकी गाडी आमच्यातल्या सर्वांत जड गाडीला बांधायची. चासी नंबर पाहायला गेलो तर मानेवर इतकी धूळ आणि ग्रीस साचलेले होते की जुन्या टूथब्रशने घासल्यावर तो वाचता आला. सीटखालची दुसरी किल्ली (होय, माझीही तिथेच होती) घरच्या कपाटात गेली आहे. वाटेतल्या मुक्कामासाठी पुढच्या बाजूला, खोलीच्या खिडकीतून दिसेल अशी गाडी लावू देणाऱ्या जागेशी बोलणी चालू आहेत. कव्हर मी नेईन, पण रात्री दुमडून ठेवीन. धूळधाण यांनी राग मानू नये.

एकच शंका उरली आहे. आठ-नऊ किलोची साखळी प्रवासात ठेवायची कुठे? एक मित्र ती छातीवरून आडवी घालून चालवणार म्हणतो.

लांबपल्ला :

मित्राला कृपया तसे करू देऊ नका. पडला तर ती साखळी त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा यांच्यासाठी रस्त्यापेक्षा वाईट ठरेल. मागच्या रॅकवर उंच बांधली तर वळणावर गाडी डोलते, म्हणून तीही जागा नको. बाजूच्या पेटीत, शक्य तितकी पुढे, जुन्या ट्यूबमध्ये सरकवून ठेवावी, म्हणजे खडखडणार नाही आणि बांधल्यावर गाडीचा रंगही खरवडणार नाही. दुसऱ्या पेटीत तंबूचे खिळे, अवजारे वगैरे जड सामान घालून तोल सांभाळावा. एकेकाळचास्वार यांनी ती वर ठेवायला सांगितली आहे आणि तोलासाठी ती खाली हवी. त्यावर तोड म्हणजे त्या पेटीत साखळीशिवाय दुसरे काही ठेवूच नये. कुलूप लावताना किल्लीचे भोक खाली राहील असे पाहावे. पहिल्याच पावसात चिखल आत गेला, तर सकाळी तुमच्याच गाडीपाशी ग्राइंडर शोधत तुम्ही उभे राहाल.